बँकिंगची तांत्रिक मानकं कशी घडतात आणि साताऱ्या-सांगलीतून त्यात कसं शिरायचं

साताऱ्यात मोती चौकाच्या बाजूला पेढ्याच्या दुकानांत काही वर्षांपूर्वी गल्ल्यावर तीन-तीन, चार-चार क्यूआर स्टिकर असायचे. काही वॉलेटांचे क्यूआर फक्त त्यांच्याच ॲपला वाचता यायचे, म्हणून ही गर्दी. डिसेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं प्रा. दीपक फाटक यांच्या अध्यक्षतेखाली क्यूआरचा अभ्यास करणारी समिती नेमली आणि 22 ऑक्टोबर 2020 रोजी आदेश काढला: कुणीही नवा खासगी क्यूआर आणायचा नाही, जुने असतील त्यांनी 31 मार्च 2022 पर्यंत सगळ्यांना वाचता येईल अशा क्यूआरवर यायचं. आता एका स्टिकरवर काम भागतं. पेढेवाल्याला यातलं काहीच ठाऊक नसतं आणि ते असायची गरजही नाही.

पण ज्यांना ठाऊक असायला हवं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. अर्बन बँकेत आयटी किंवा क्लिअरिंग बघणारे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे, विकास सोसायटीच्या संगणकीकरणात अडकलेले सचिव, वालचंदसारख्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेले विद्यार्थी. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की मानकं, म्हणजे सगळ्यांनी एकाच तऱ्हेनं काम करावं म्हणून लिहिलेले तांत्रिक नियम, मुंबई-दिल्लीत कुणीतरी ठरवतं आणि सर्क्युलर आलं की आपण पाळायचं. हे अर्धंच खरं आहे. मानक ठरवणाऱ्या समित्यांत क्रिप्टोग्राफीचे, कायद्याचे, सॉफ्टवेअरचे जाणकार असतात. काउंटरवर काय बिघडतं हे पाहिलेला माणूस तिथं क्वचित असतो. त्याला आत जायला पदाची चिठ्ठी लागत नाही. नीट लिहिलेली हरकत पुरते.

पहिली पायरी: कोण काय ठरवतं हे आधी समजून घ्या

नवख्या माणसाचं घोडं इथंच अडतं. हरकत बरोबर असते, पण ती चुकीच्या दारात जाते.

सर्वांत वर कायदा. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट, 2007 च्या कलम 10 नं पेमेंट यंत्रणांची मानकं ठरवण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेला दिला आहे. पैसे पाठवण्याची सूचना कुठल्या स्वरूपात असावी, तिची वेळ काय, हे सगळं त्यात येतं. म्हणजे रिझर्व्ह बँकेनं या कलमाखाली काही ठरवलं तर ते सक्तीचं.

त्याखाली यंत्रणा चालवणारे. यूपीआय, रूपे, चेक ट्रंकेशन (कागदाऐवजी चेकची प्रतिमा पाठवणं) यांचे आतले नियम आणि संदेशांचे तपशील एनपीसीआय ही या यंत्रणा चालवणारी संस्था ठरवते. अकाउंट ॲग्रिगेटर (ग्राहकाच्या संमतीनं त्याची आर्थिक माहिती एका संस्थेकडून दुसरीकडं नेणारा मध्यस्थ) याच्या एपीआयची, म्हणजे सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलायच्या पद्धतीची, तपशीलपत्रं रेबिट या रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीनं काढली. हैदराबादच्या आयडीआरबीटी या बँकिंग तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेनं 2001 मध्ये एसएफएमएस ही बँकांमधली संदेशयंत्रणा उभी केली. एनईएफटी त्यावरच चालते.

तिसरा थर भारतीय मानक ब्युरोचा. हेल्मेट आणि सोन्याचा हॉलमार्क एवढ्यापुरतंच ब्युरोचं नाव आपण ऐकतो, पण बँकिंग आणि वित्तीय सेवांसाठीही तिथं सेक्शनल कमिटी, म्हणजे त्या विषयाची समिती, आहे. ब्युरोचं मानक मुळात ऐच्छिक असतं. सरकारनं किंवा नियामकानं बोट दाखवलं तरच ते सक्तीचं होतं.

चौथा थर आंतरराष्ट्रीय. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची टीसी 68 ही वित्तीय सेवांची तांत्रिक समिती. तिच्या हाताखाली सुरक्षा, संदर्भ-माहिती आणि माहितीची देवाणघेवाण अशा उपसमित्या आहेत. चलनाचं 'आयएनआर' हे तीन अक्षरी नाव (आयएसओ 4217), पिनची सुरक्षा (आयएसओ 9564), कंपन्यांना मिळणारा वीस अक्षरी ओळख-क्रमांक एलईआय (आयएसओ 17442) ही सगळी याच घरची मंडळी. भारताच्या वतीनं आयएसओत मत देतो तो मानक ब्युरो. तुम्ही-आम्ही थेट मत देऊ शकत नाही. ब्युरोमार्फत तज्ज्ञ म्हणून कार्यगटात मात्र जाता येतं.

पतसंस्थावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 खाली नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना त्यांच्याकडे नसतो. त्यामुळे पेमेंट यंत्रणांच्या त्या थेट सभासद नसतात. छोट्या अर्बन बँकाही बऱ्याचदा एखाद्या मोठ्या, स्पॉन्सर बँकेच्या मागे सब-मेंबर म्हणून, म्हणजे तिच्यामार्फत जोडलेल्या, उभ्या असतात. म्हणजे संदेश फिरत जातो आणि फिरत येतो, आणि मधल्या वळणावर काय गळतं ते शेवटच्या माणसालाच दिसतं. हा माणूस म्हणजे तुम्ही.

दुसरी पायरी: घरातल्या चेकबुकापासून वाचायला सुरुवात करा

जाडजूड मानक उघडून पहिल्या पानापासून वाचायचं, हा मार्ग कंटाळून सोडून देण्याचा आहे. हाताशी असलेली वस्तू घ्या.

चेकवरचा आयएफएससी हा शाखेचा कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, शेवटची सहा शाखेची, आणि पाचव्या जागी कायम शून्य. ते शून्य पुढच्या सोयीसाठी राखून ठेवलेलं आहे. काउंटरवर लोक तिथं इंग्रजी 'ओ' टाकतात. पाचवी जागा पक्की ठरलेली असल्यानं सॉफ्टवेअर ही चूक जागच्या जागी धरू शकतं. हीच चूक सातव्या-आठव्या जागी झाली तर नियमावरून काहीच कळत नाही, शाखांच्या यादीशी ताडून पाहावं लागतं. चेकच्या खालच्या पट्टीतला एमआयसीआर नऊ अंकी: तीन शहराचे, तीन बँकेचे, तीन शाखेचे. चेक उजेडात धरलात तर 'सीटीएस इंडिया' असा जलचिन्हाचा ठसा दिसेल. सीटीएस म्हणजे वर आलेलं चेक ट्रंकेशन; सीटीएस-2010 या मानकानं चेकचा कागद, अतिनील प्रकाशात दिसणारा बँकेचा लोगो, झेरॉक्स काढली की उमटणारा 'व्हॉइड' शब्द हे सगळं बांधून दिलं. कारण आता कागद शाखेतच राहतो, प्रवास करते ती फक्त त्याची प्रतिमा. खाडाखोड केलेला चेक परत का येतो हेही यातूनच कळतं: फोटो बघणाऱ्याला खाडाखोड कुणी केली हे ठरवता येत नाही.

मानक वाचताना एकच प्रश्न सतत विचारा: हे मानक कुठली चूक पकडतं आणि कुठली सोडून देतं? उदाहरणादाखल कार्डावरच्या क्रमांकाचा शेवटचा अंक बघा. आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या पद्धतीनं तो काढतात. 1789 हा क्रमांक घ्या. उजवीकडून सुरुवात करून एक सोडून एक अंक दुप्पट करायचा, दुप्पट दोन अंकी आली तर तिचे अंक मिळवायचे. 9 ची दुप्पट 18, म्हणजे 9. 8 तसाच. 7 ची दुप्पट 14, म्हणजे 5. 1 तसाच. बेरीज 23. पुढच्या दशकाला पोचायला 7 हवेत, म्हणून तपासणी अंक 7 आणि पूर्ण क्रमांक 17897. आता कुणी घाईत 8 आणि 9 ची अदलाबदल करून 17987 लिहिलं तर तपासणी अंकासह बेरीज 30 ऐवजी 29 येते आणि चूक सापडते. शेजारच्या अंकांची जवळजवळ प्रत्येक अदलाबदल अशी सापडते. पण 09 च्या जागी 90 लिहिलं तर सापडत नाही! कागद-पेन्सिल घेऊन करून बघा. ही पद्धत 1950 च्या दशकातली आहे आणि तिचं हे भोक सर्वांना माहीत आहे. एलईआय आणि युरोपातला आयबॅन हा खाते क्रमांक यांत 97 नं भागण्याची पद्धत वापरतात, तिथं हे भोक नाही. आपल्या बँकखात्यांच्या क्रमांकांना तर देशभर लागू असलेली एकच लांबीही नाही, मग सामाईक तपासणी अंक कुठला? म्हणून तर खाते क्रमांक दोनदा टाकायला लावतात.

पुढचं वाचन बहुतेक फुकट आहे. देशी भारतीय मानकं ब्युरोच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. आयएसओ 20022 या वित्तीय संदेशांच्या मानकातल्या संदेशांच्या व्याख्या आणि स्कीमा (रचनेचे आराखडे) खुल्या आहेत. भारताची आरटीजीएस ऑक्टोबर 2013 पासून याच घडणीच्या संदेशांवर चालते, आणि परदेशी पेमेंटसाठी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यानं जुन्या संदेशांबरोबरचा संसार 22 नोव्हेंबर 2025 ला संपवला. त्यातला पॅक्स 008 हा एकच संदेश आधी वाचा. बँकेकडून बँकेकडं ग्राहकाचे पैसे जातात तो हा. तो नीट कळला की बाकीच्यांची अंगकाठी ओळखीची वाटू लागते. आयएसओची मुख्य मानकं मात्र विकत असतात आणि स्वस्त नसतात. सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नका.

तिसरी पायरी: काउंटरवरची तक्रार वहीत टिपा

क्लिअरिंगला किंवा एनईएफटीला बसणाऱ्याकडं रोज कच्चा माल येतो. 'साहेब, पैसे कापले पण पोचले नाहीत', 'यूटीआर नंबर सांगा', 'रिटर्न का आलं?'. एनईएफटीत नियम आहे की पैसे खात्यात जमा करता आले नाहीत तर बॅच सुटल्यापासून दोन तासांत परत पाठवायचे. परत पाठवताना कारणाचा कोड लागतो. आणि ग्राहकाला काउंटरवर सांगायचं कारण त्या कोडात सापडत नाही, असं किती वेळा होतं? हेच टिपायचं. तारीख, कुठला संदेश, कुठली जागा, काय अपेक्षित होतं, काय झालं. ग्राहकाचं नाव, खाते क्रमांक, मोबाइल यातलं काहीही वहीत येता कामा नये. पुढं हीच नोंद बाहेरच्या लोकांना दाखवायची आहे.

एक धोक्याची सूचना. सगळ्या तक्रारी मानकाच्या नसतात. बऱ्याच तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या किंवा बँकेच्या अंतर्गत पद्धतीच्या असतात. ओळखायची सोपी कसोटी म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या बँकेतल्या मित्राला फोन करायचा. दोघांनाही तेच दिसत असेल तर ती मानकाची बाब असण्याची शक्यता आहे. एकालाच दिसत असेल तर आपल्या व्हेंडरशी भांडा, समितीचा वेळ घेऊ नका.

चौथी पायरी: हरकत लिहायला शिका

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तरी सावरता येतात.

मसुदा आला की त्यावर मतं मागवतात. जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारातली आचारसंहिता स्वीकारलेल्या मानक संस्थेनं यासाठी किमान 60 दिवस द्यायचे असतात. हरकतीचा तक्ता ठरलेला असतो: कलम क्रमांक, परिच्छेद किंवा तक्ता, हरकतीचा प्रकार (सर्वसाधारण, तांत्रिक की संपादकीय), म्हणणं आणि त्यामागचं कारण, आणि पाचवा रकाना प्रस्तावित बदलाचा. नवखी माणसं चौथा रकाना पानभर भरतात आणि पाचवा कोरा ठेवतात. समिती मात्र पाचव्या रकान्यापासून वाचते. तिच्यापुढं शेकडो हरकती असतात, एकेका हरकतीला काही मिनिटं मिळतात. तिथं मजकूर तयार असेल तर त्यावर हो किंवा नाही म्हणता येतं.

एक उदाहरण सविस्तर बघू. आपल्या भागातलंच आहे.

आयएसओ 20022 च्या संदेशात पत्ता तुकड्यांत लिहायचा असतो. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, मजला, पिन कोड, गाव, गावातलं ठिकाण, जिल्हा, राज्य, देश, प्रत्येकाला वेगळा कप्पा. स्विफ्टवरच्या परदेशी पेमेंटमध्ये नोव्हेंबर 2026 पासून सगळा पत्ता सलग ओळींत लिहिण्याची मोकळीक संपते आहे. गाव आणि देश हे कप्पे भरावेच लागतील. उरलेल्यासाठी मधला मार्ग आहे: सत्तर-सत्तर अक्षरांच्या दोन मोकळ्या ओळी.

आता तासगावकडचा एखादा द्राक्ष निर्यातदार घ्या. त्याचा पत्ता 'मु. पो. कवठे एकंद, ता. तासगाव, जि. सांगली'. रस्ता नाही, घर क्रमांक कागदोपत्री असला तरी कुणी लिहीत नाही. जिल्ह्याला कप्पा आहे, राज्याला आहे. तालुक्याला नाही. आणि आपल्याकडं तालुका ही चैनीची गोष्ट नाही. कवठे एकंद तासगावात, नुसतं कवठे वाई तालुक्यात, आणि कवठे महांकाळ हा तर स्वतःच तालुका. पत्त्यातून तालुका गळला आणि कुणी 'कवठे' एवढंच ठेवलं तर मध्येच बसलेल्या तपासनिसाला काय कळणार?

समजा, भारतातल्या बँकांनी हे कप्पे कसे भरावेत याचा मसुदा चर्चेला आला आहे (उदाहरण काल्पनिक आहे, अडचण नाही). वाईट हरकत अशी असते: 'ग्रामीण भागातील पत्त्यांचा विचार व्हावा.' हिच्यावर 'नोंद घेतली' असा शेरा पडतो आणि विषय संपतो. चांगली हरकत साधारण अशी:

कलम: पत्त्याचे कप्पे, तक्ता 2, 'गाव' ही ओळ. प्रकार: तांत्रिक. म्हणणं: महाराष्ट्रातील ग्रामीण पत्त्यात तालुका हा आवश्यक घटक आहे, एकाच नावाची किंवा सारख्या नावांची गावं वेगवेगळ्या तालुक्यांत आहेत. तक्त्यात तालुक्याची जागा दिलेली नसल्यामुळे प्रत्येक बँक ती आपापल्या मतानं ठरवेल आणि एकच पत्ता दोन बँकांकडून दोन तऱ्हेनं जाईल. प्रस्तावित बदल: तक्त्याखाली पुढील टीप जोडावी. 'ज्या पत्त्यात रस्ता किंवा इमारत नाही, तिथे गावाचे नाव गावाच्या कप्प्यात, जिल्हा जिल्ह्याच्या कप्प्यात आणि पिन कोड त्याच्या कप्प्यात लिहिला पाहिजे. तालुका पहिल्या मोकळ्या ओळीत, तालुका या शब्दासह लिहिला पाहिजे. तो गावाच्या कप्प्यात लिहू नये.' सोबत तीन नमुना पत्ते भरून जोडले आहेत.

'लिहिला पाहिजे' आणि 'लिहू नये' ही शब्दयोजना सहज आलेली नाही. मानकांच्या इंग्रजी मसुद्यात 'शॅल' म्हणजे सक्ती, 'शुड' म्हणजे शिफारस, 'मे' म्हणजे परवानगी. एका 'शुड'च्या जागी 'शॅल' आलं की देशभरच्या बँकांना सॉफ्टवेअर बदलावं लागतं. हरकत इंग्रजीत लिहाल तेव्हा ही तीन क्रियापदं जपून वापरा. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, ढिलं चालत नाही.

पाठवण्याआधी स्वतःच्या हरकतीच्या विरुद्ध बाजूनं विचार करा. वरच्या उदाहरणात कुणी विचारेल: तालुका 'गावातलं ठिकाण' या कप्प्यात का नको? उत्तर तयार हवं: त्या कप्प्याची व्याख्या गावाच्या आतल्या जागेची आहे आणि तालुका गावापेक्षा मोठा. उलट केलं, म्हणजे गावाच्या कप्प्यात तासगाव आणि ठिकाणाच्या कप्प्यात कवठे एकंद, तर? हा पर्याय तसा वाईट नाही. काही बँका तेच सोयीचं म्हणतील. पण मग पिन कोड एका गावाचा आणि गावाच्या कप्प्यात दुसरंच, असा मेळ बिघडतो. आणखी एक आक्षेप येईल तो निर्बंधांची, म्हणजे पैसे बंदी घातलेल्या माणसाकडं किंवा देशाकडं जात नाहीत ना याची, तपासणी करणाऱ्यांकडून. युरोपातल्या बँकेचं सॉफ्टवेअर गाव आणि देशाचे कप्पे नावांच्या यादीशी ताडून पाहतं, मोकळी ओळ त्याला नीट वाचता येत नाही. त्यांच्या दृष्टीनं हा मुद्दा योग्यच आहे. दोन्ही बाजू तुम्हीच आधी मांडल्यात तर समितीचं काम हलकं होतं, आणि पुढच्या वेळी तुमचा मेल लोक उघडून वाचतात.

नावांचंही असंच. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून 1 एप्रिल 2025 पासून आरटीजीएस-एनईएफटीत पैसे पाठवण्याआधी लाभार्थीचं बँकेतलं नाव बघायची सोय आली. साताऱ्यात भोसले आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग 'एस'नंतर 'ए' घालून आणि न घालता, दोन्ही तऱ्हांनी चालतं. पासबुकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. लग्नानंतर बदललेलं नाव एका खात्यात नवं, दुसऱ्यात जुनं. माणूस डोळ्यांनी वाचतो तेव्हा हे चालून जातं. उद्या ही तुलना यंत्रानं करायची ठरली, तर 'जुळणं' म्हणजे काय हे कुणीतरी लिहून द्यावं लागेल. ते लिहिणाऱ्याला आपली आडनावं माहीत असली तर बरं.

पाचवी पायरी: दार निवडा

रिझर्व्ह बँकेचे मसुदे तिच्या संकेतस्थळावर 'कनेक्ट टू रेग्युलेट' या विभागात मतांसाठी येतात. कुणालाही लिहिता येतं. एखाद्या बँकेच्या पत्रापेक्षा जिल्ह्यातल्या बँकांच्या असोसिएशनचं पत्र वजनदार ठरतं, पण त्यासाठी सहीला फिरण्यात मुदत निघून जाणार असेल तर एकट्यानं पाठवा.

मानक ब्युरोत नव्या मानकाचा प्रस्ताव कुणीही देऊ शकतं. सेक्शनल कमिटी तो घेते, आधी प्राथमिक मसुदा, मग सार्वत्रिक मतांसाठीचा मसुदा, मग अंतिम. समितीवर यायचं असेल तर पोर्टलवर अर्ज आहे. ब्युरोचं पुण्याला शाखा कार्यालय आहे, आणि 'मानक मंथन' नावानं शाखा कार्यालयं मसुद्यांवर बैठका घेतात. अशा एका बैठकीला जाऊन मागच्या रांगेत बसा. कॉलेजवाल्यांसाठी ब्युरोचे मानक क्लब आहेत. निबंध-पोस्टर स्पर्धांच्या पलीकडं नेलेत तर उपयोगाचे.

आयएसओ 20022 च्या एखाद्या संदेशात बदल हवा असेल तर बदल-विनंतीचा नमुना भरून पाठवता येतो, त्यासाठी कुठल्या समितीचं सभासद असावं लागत नाही. 1 जूनपर्यंत आलेल्या विनंत्या त्या वर्षीच्या फेरीत घेतल्या जातात. मूल्यमापन गट विचारेल की हे आणखी कुणाला हवंय. एकट्या बँकेची विनंती टिकत नाही, म्हणून तिसऱ्या पायरीतला तो फोन इथंही कामाला येतो.

वेबवरच्या पेमेंटचे काही तपशील आणखी वेगळ्या घरांत ठरतात. ब्राउझरमधला पेमेंट रिक्वेस्ट एपीआय हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं 2022 मधलं मानक. इंटरनेटची मानकं घडवणाऱ्या आयईटीएफमध्ये तर सभासदत्व हा प्रकारच नाही, काम करेल तो आपला. प्रोग्रामर मुलांनी इथून सुरुवात केली तर फळ लवकर दिसतं.

सहावी पायरी: समितीत बसल्यावर

मानकांच्या जगात निर्णय एकमतानं होतो, पण तिथलं एकमत म्हणजे सगळ्यांच्या माना डोलणं नव्हे. महत्त्वाच्या मुद्द्यावर कुणा महत्त्वाच्या घटकाचा टिकून राहिलेला विरोध नसणं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडच्या सहकारी संस्थांच्या सभांना सरावलेल्या माणसाला हे लवकर उमगतं. तिथं 'मंजूर, मंजूर' झाल्यावरही मागच्या ओळीतल्या नाराज सभासदाला अध्यक्ष चहाला बोलावतो, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की इथं चहावरचं बोलणंही नंतर लेखी यावं लागतं.

आयएसओच्या पातळीवर शेवटी मतदान होतं. 'मसुदा आंतरराष्ट्रीय मानक' या टप्प्यावरच्या मतदानाला बारा आठवड्यांची मुदत असते. मतदान करणाऱ्या समितीसभासदांपैकी दोनतृतीयांश बाजूनं हवेत आणि एकूण मतांत विरोध एकचतुर्थांशाहून जास्त नको. कार्यगटात मात्र तज्ज्ञ स्वतःच्या ज्ञानावर बोलतो, देशाच्या किंवा कंपनीच्या वतीनं नव्हे. हे पथ्य जमेल तितकं पाळलं जातं, असं म्हणू या.

दोन गोष्टींपासून लांब राहा. बैठकीत दर, कमिशन, कुठल्या व्हेंडरला काम द्यायचं हे विषय काढायचे नाहीत. एकाच धंद्यातली माणसं एका टेबलाशी बसलेली असतात, स्पर्धा कायद्याची भानगड मागं लागते. आणि तुमच्या कंपनीचं पेटंट मसुद्यातल्या एखाद्या कलमाला लागू होत असेल तर आधीच सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवणारा इथं नंतर सापडतोच, आणि तोपर्यंत इतरांनी त्यावर सॉफ्टवेअर बांधलेलं असतं.

पहिल्या एक-दोन बैठकांत इतिवृत्त लिहायचं काम मागून घ्या. कुणालाच ते नको असतं. लिहिणाऱ्याला मात्र सगळ्यांचं म्हणणं नीट ऐकावं लागतं, आणि 'तुम्हाला हेच म्हणायचं होतं ना?' असं कुणालाही विचारण्याचा हक्क मिळतो.

सातवी पायरी: मसुदा स्वतः लिहायची वेळ आली तर

एका कलमात एकच सक्ती ठेवा. 'बँकेनं कोड तपासून पाहिला पाहिजे आणि चुकल्यास ग्राहकाला कळवलं पाहिजे' यात दोन सक्ती आहेत. पहिली पाळून दुसरी न पाळणारी बँक मानकाला धरून आहे की नाही, यावर पुढं वर्षभर वाद चालेल.

प्रत्येक सक्तीला चाचणी लिहिता आली पाहिजे. 'वाजवी वेळेत' लिहू नका, मिनिटं किंवा तास लिहा. चुकीचे नमुनेही द्या. बरोबर भरलेला संदेश दाखवून सॉफ्टवेअरवाल्याला फारसं कळत नाही. चार चुकीचे संदेश आणि प्रत्येकाला मिळायला हवा तो त्रुटी-कोड दिलात तर दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर सारखी वागतात. माझ्या मते मानकाचा दर्जा त्याच्या परिशिष्टावरून ठरतो, आणि नेमकं परिशिष्टच शेवटच्या आठवड्यात घाईनं लिहिलं जातं.

जुन्याचं काय करायचं हेही मसुद्यातच लिहा. सीटीएस-2010 आलं तेव्हा जुने चेक लोकांच्या कपाटांत होतेच, कर्जाच्या हप्त्यांसाठी पुढच्या तारखा टाकून आगाऊ दिलेले होते. नवा नियम कुठल्या तारखेपासून, जुनं कुठवर चालेल, दोन्ही एकदम आले तर कुठलं धरायचं, या तीन प्रश्नांना उत्तर नसलेलं मानक शाखेत पोचलं की कारकुनाला स्वतःच्या डोक्यानं नियम बनवावे लागतात. खेड्यातल्या शाखेला सॉफ्टवेअरचा अपडेट मिळायला मुंबईपेक्षा जास्त दिवस लागतात. मुदतीच्या चर्चेत हे बोलायला तिथं बहुधा तुम्हीच असाल.

प्रसिद्ध झाल्यावर आयएसओचं मानक जास्तीत जास्त पाच वर्षांनी फेरतपासणीला येतं: ठेवायचं, बदलायचं की मागं घ्यायचं. तोवर तुमची वही चालू ठेवा आणि नाकारल्या गेलेल्या हरकती फेकू नका. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात सचिवालयानं नाकारण्याचं कारण लिहिलेलं असतं. 'या आवृत्तीच्या कक्षेबाहेर' असं असेल तर तीच हरकत नव्या उदाहरणांसह फेरतपासणीच्या वेळी पाठवा. 'पुरेसा आधार नाही' असं असेल तर आणखी दोन-चार बँकांच्या नोंदी गोळा करायला लागा, त्यात तुमच्या स्पॉन्सर बँकेची नोंद नक्की असू द्या.